मसाजचा खरा उपयोग कोणाला होतो? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मसाजविषयी वाचकांची अनेक पत्रे आली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून आणि पत्रे संक्षिप्त करून त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४२ आहे. दिवसभर संगणकासमोर बसून काम करावे लागते. गेले वर्षभर कंबर आणि मान सतत आखडलेली असते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्यांत गंभीर काही आढळले नाही. मसाज म्हणजे निव्वळ चैन आहे असे काही जण सांगतात, तर काही जण त्याला रामबाण उपाय म्हणतात. मसाजचा सर्वाधिक फायदा नेमका कोणाला होतो आणि का होतो?

उत्तर : ज्यांच्या दुखण्याचे मूळ प्रामुख्याने स्नायूंच्या ताणात आहे आणि ज्या दुखण्यावर अपुरी झोप, काळजी किंवा हालचालीची भीती यांचा थर चढलेला आहे, अशा लोकांना मसाजचा सर्वाधिक फायदा होतो. पत्रावरून आपण या गटात बसता असे दिसते, म्हणून आपल्या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर देतो.

जुनाट कंबरदुखी असलेल्या ४०१ व्यक्तींवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना दहा आठवडे दर आठवड्याला एकदा अंग सैल करणारा साधा मसाज देण्यात आला, काहींना विशिष्ट स्नायूंवर आणि त्यांच्या आवरणांवर काम करणारा मसाज देण्यात आला, आणि उरलेल्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवण्यात आले. दहा आठवड्यांनंतर मसाज घेतलेल्या दोन्ही गटांतील एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी दुखणे खूपच कमी झाले किंवा जवळजवळ गेले असे सांगितले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण केवळ ४ टक्के होते. दैनंदिन हालचालींतील सुधारणा सुमारे सहा महिन्यांपर्यंत टिकली आणि वर्षाअखेरीस बरीचशी ओसरली. मला यातील सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते की, साधा मसाज आणि ‘खास’ तंत्राचा मसाज यांच्या परिणामांत फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे महागड्या तंत्राच्या नावाला भुलून जाण्याचे कारण नाही.

या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की बनावट, हे त्याच्यापासून लपवता येते. मसाजच्या बाबतीत ते शक्य नसते. त्यामुळे अपेक्षेचा काही परिणाम निकालात मिसळतोच, आणि म्हणूनच २०१५ साली कंबरदुखीवरील अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी फायदा अल्पकाळ दिसतो असे नोंदवले, तरी पुराव्यावरील विश्वास कमीच ठेवला. नुकतीच उसण भरलेल्या कंबरेसाठी मात्र अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक आणि मसाज यांचा समावेश केलेला आहे.

आता ‘का’ या प्रश्नाकडे वळतो. मसाजने स्नायूंतील गाठी फुटतात, विषारी द्रव्ये बाहेर पडतात, अशी स्पष्टीकरणे सर्रास दिली जातात. त्यांना भक्कम आधार नाही. परिणाम मोठ्या प्रमाणात मज्जासंस्थेमार्फत होतो. दुखावलेल्या जागी आपला हात आपोआप जातो आणि ती जागा चोळली की कळ कमी होते, हा सर्वांचा अनुभव आहे. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली त्याचे स्पष्टीकरण मांडले : स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांना वर मेंदूकडे जाण्यास अटकाव होतो. जुनाट दुखण्यात आणखी एक गोष्ट घडते. दुखेल या धास्तीने माणूस नकळत स्नायू आवळून धरतो, आवळलेले स्नायू अधिक दुखतात आणि त्या दुखण्याने धास्ती वाढते. विश्वासू हातांखाली तासभर निवांत पडून राहिल्याने हे चक्र काही काळ थांबते, श्वास संथ होतो, नाडी मंदावते. २००४ साली ३७ चाचण्यांचा जो एकत्रित अभ्यास झाला, त्यात मसाजच्या अनेक सत्रांनंतर सर्वांत मोठा परिणाम चिंता आणि उदासी कमी होण्यावर दिसून आला. त्यामुळे ज्याचे दुखणे काळजीशी जोडलेले आहे, त्याला मसाज दोन्ही बाजूंनी मदत करतो.

मसाज किती वेळ आणि किती वेळा घ्यावा, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. जुनाट मानदुखीवरील २०१४ च्या एका चाचणीत आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, प्रत्येकी ६० मिनिटे, असा चार आठवडे मसाज घेणाऱ्यांना स्पष्ट फायदा झाला. अर्ध्या तासाच्या सत्रांतून तसा फायदा दिसला नाही. महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी अर्धा तास मान चोळून घेऊन ‘मसाजने काही झाले नाही’ असे म्हणणे म्हणूनच योग्य ठरत नाही. मात्र माझा आग्रह यापेक्षा वेगळ्या गोष्टीसाठी आहे. मसाजनंतर जे दोन-तीन दिवस अंग मोकळे वाटते, त्याच दिवसांत चालणे वाढवावे, मानेचे आणि कंबरेचे व्यायाम सुरू करावेत आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठण्याची सवय लावावी. दुखणे कमी असताना शरीर जी हालचाल शिकते, ती पुढे टिकते. नुसते पडून राहून मसाज घेणाऱ्याला तोच मसाज पुन्हापुन्हा घ्यावा लागतो.

प्रश्न : वय ६७. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. नियमित मसाज केल्याने झीज भरून येते का?

उत्तर : नाही. सांध्यातील कूर्चा मसाजने पुन्हा तयार होत नाही, आणि तसे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु दुखणे आणि झीज यांचे प्रमाण नेहमीच सारखे नसते; क्ष-किरण चित्रात मोठी झीज दिसणारी माणसे कधीकधी आरामात चालतात. दुखऱ्या गुडघ्याभोवतीचे, विशेषतः मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू आखडलेले आणि अशक्त झालेले असतात, आणि मसाजचा उपयोग तेथे होतो.

गुडघ्यांच्या संधिवातावर २०१२ साली झालेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा ६० मिनिटे हे प्रमाण सोयीचे आणि परिणामकारक आढळले. त्याच संशोधकांनी २०१९ साली २२२ व्यक्तींवर केलेल्या चाचणीत एका गटाला पूर्ण मसाज, दुसऱ्याला केवळ हलका स्पर्श आणि तिसऱ्याला नेहमीचेच उपचार देण्यात आले. आठ आठवड्यांनंतर मसाजचा गट वेदना, ताठरपणा आणि हालचाल या तिन्हींत स्पष्टपणे पुढे होता. वर्षभरानंतर मात्र गटांमध्ये लक्षणीय फरक उरला नाही. म्हणून आपण हे आठ आठवडे मांडीचे स्नायू बळकट करण्यासाठी वापरावेत असे मी सुचवतो. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, तो गुडघ्याने खाली दाबत मांडी घट्ट करावी, पाच मोजेपर्यंत धरावी आणि सोडावी. एवढा साधा व्यायामही सुरुवातीला पुरेसा असतो. गुडघा गरम, लाल आणि सुजलेला असेल, तर त्या दिवशी मसाज करू नये.

प्रश्न : मी लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावतो. धावल्यानंतर स्नायूंत साचलेले लॅक्टिक अॅसिड मसाजने निघून जाते, असे आमचे प्रशिक्षक सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : हे स्पष्टीकरण बरोबर नाही, परंतु मसाजचा उपयोग आपल्याला होऊ शकतो. व्यायामात वाढलेले लॅक्टेट (शरीरातील लॅक्टिक अॅसिडचे रूप) शरीर स्वतःच सुमारे तासाभरात निकालात काढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या जो ठणका देतात, तो सवयीपलीकडच्या श्रमाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे असतो. म्हणूनच उतारावरून धावल्यानंतर तो अधिक जाणवतो. २०१२ साली ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावून त्यांच्या एकाच पायाला दहा मिनिटे मसाज देण्यात आला आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासण्यात आले. मसाज केलेल्या पायात लॅक्टेट कमी झालेले नव्हते, पण दाह वाढवणारे संकेत कमी आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रे नव्याने घडवण्यास चालना देणारे संकेत अधिक आढळले. अभ्यास लहान आहे, तरी दिशा स्पष्ट दाखवतो.

शर्यतीतील वेळ मसाजने सुधारते असा पुरावा नाही. ठणका थोडा कमी होतो आणि लवचिकता किंचित वाढते, इतकेच. शर्यतीच्या आदल्या दिवशी खोल, दुखरा मसाज करून घेऊ नये. मसाज गन वापरत असल्यास ती हाडांवर, मानेच्या पुढच्या बाजूला किंवा एकाच जागी फार वेळ चालवू नये.

प्रश्न : मसाज जितका दुखेल तितका गुणकारी, हे खरे का?

उत्तर : खरे नाही. ‘गोड दुखणे’ जाणवेल इतका दाब ठीक आहे. श्वास रोखून धरावा लागला, मुठी आवळल्या गेल्या किंवा शरीर टेबलापासून दूर सरकू लागले, की स्नायू सैल होण्याऐवजी प्रतिकार करू लागतात. दाब कमी करण्यास सांगण्याचा संकोच करू नये; चांगला थेरपिस्ट ते स्वतःहून विचारतो. दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर दाब अतिरेकी होता असे समजावे.

प्रश्न : माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला असून केमोथेरपी चालू आहे. तिला मसाजने फार बरे वाटते, पण मसाजने कर्करोग शरीरभर पसरतो असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून आम्ही घाबरून तो बंद केला आहे. काय करावे?

उत्तर : ही भीती अनेक घरांत आढळते आणि तिच्यामुळे रुग्णांना मिळू शकणारा आराम विनाकारण नाकारला जातो. हळुवार मसाजने कर्करोग पसरतो असा पुरावा नाही. चालताना, जिना चढताना स्नायूंच्या आकुंचनानेही रक्ताचा आणि लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचा, प्रवाह वाढतोच, आणि डॉक्टर रुग्णांना चालण्याचा सल्लाच देतात.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात १,२९० रुग्णांच्या नोंदी तीन वर्षांच्या काळात ठेवण्यात आल्या आणि त्यांचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. मसाजनंतर वेदना, थकवा, चिंता, मळमळ अशा तक्रारींची तीव्रता सरासरीने जवळजवळ निम्म्यावर आली होती, आणि ज्यांना आधी त्रास अधिक होता त्यांनाही आराम मिळाला. तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००८ साली वाढलेल्या कर्करोगाच्या ३८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत तशी तुलना करण्यात आली : काहींना मसाज, तर काहींना केवळ स्थिर हात ठेवून दिलेला स्पर्श. मसाजनंतर लगेच जाणवणारा आराम अधिक होता. परंतु काही आठवड्यांच्या काळात दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि त्यांच्यातील फरक टिकला नाही. याचा अर्थ आपल्या दृष्टीने दिलासा देणारा आहे, कारण प्रशिक्षित थेरपिस्ट नसला तरी आपल्या स्वतःच्या हातांचाही पत्नीला उपयोग होऊ शकतो.

काही बंधने मात्र कटाक्षाने पाळावीत. सुरुवात करण्यापूर्वी तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. गाठीची जागा, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला भाग, किरणोत्सर्गाने हुळहुळी झालेली त्वचा आणि औषधासाठी बसवलेल्या नळीचा किंवा पोर्टचा परिसर टाळावा. केमोथेरपीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, कमी झालेल्या असल्यास जरा जोरात दाबल्यानेही रक्त साकळते, म्हणून त्या दिवसांत केवळ लोशन लावताना पडेल इतकाच दाब असावा. रोग हाडांत पोहोचला असेल, तर त्या हाडांवर मुळीच दाब देऊ नये.

काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील आणि हाताला सूज येऊ लागली असेल, तर तो हात घरी रगडू नये. त्यासाठी लसिका-निचऱ्याचा वेगळा मसाज असतो. व्हॉडर दांपत्याने १९३० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत दाब इतका हलका असतो की केवळ त्वचा सरकते, कारण सूक्ष्म लसिकावाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात. हा मसाज दाब देणारी पट्टी किंवा बाही, त्वचेची निगा आणि व्यायाम यांच्या जोडीने प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्यावा.

प्रश्न : आमचे बाळ मुदतीपूर्वी जन्मले आणि नवजात अतिदक्षता विभागात आहे. अशा बाळांना मसाज दिल्याने वजन वाढते असे वाचले. यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य आहे. टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिर झालेल्या मुदतपूर्व बाळांना दहा दिवस दिवसातून तीनदा १५ मिनिटे हाताने चोळून हातपाय हळुवार हलवण्यात आले. इतर बाळांच्या तुलनेत त्यांचे रोजचे वजन ४७ टक्के अधिक वाढले आणि ती सुमारे सहा दिवस आधी घरी गेली, जरी त्यांनी अधिक दूध घेतलेले नव्हते. पुढील अभ्यासांतून असे दिसले की, मध्यम दाबाने व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे कार्य वाढते आणि त्यामुळे जठराची हालचाल सुधारते. अगदी हलक्या, गुदगुल्या केल्यासारख्या स्पर्शाने हा परिणाम होत नाही. उलट बाळ दचकते. या अभ्यासातील बाळे स्थिर प्रकृतीची होती, हे कृपया ध्यानात ठेवावे. आपल्या बाळासाठी वेळ केव्हा योग्य आहे ते विभागातील डॉक्टरच ठरवतील, आणि परिचारिकांकडून हात कसा ठेवायचा हे शिकून घ्यावे. बाळ बोटे ताणू लागले, त्याचा रंग बदलला किंवा ते रडू लागले, तर थांबावे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. संध्याकाळ झाली की त्या अस्वस्थ होतात, येरझाऱ्या घालतात, ओरडतात. त्यांच्यासाठी मसाजचा विचार करावा का?

उत्तर : अवश्य करावा. मसाजची सर्वाधिक गरज असूनही तो ज्यांना क्वचितच मिळतो, असे लोक कोण, असे मला विचारले तर मी प्रथम वृद्धांचे, आणि त्यांतही स्मृतिभ्रंश झालेल्यांचे नाव घेईन. त्यांना हात लागतो तो अंघोळीपुरता, कपडे बदलण्यापुरता किंवा औषध देण्यापुरता; निव्वळ मायेचा स्पर्श हळूहळू बंद होतो. हाताचा किंवा पावलांचा दहा-पंधरा मिनिटांचा मसाज अशा रुग्णांची अस्वस्थता त्या वेळेपुरती कमी करतो, असे अनेक लहान अभ्यासांत दिसले आहे. आजार त्याने बरा होत नाही, परंतु संध्याकाळचा एक तास शांततेत जाणे ही सासूबाईंसाठी आणि आपल्यासाठीही मोठी गोष्ट आहे.

आपल्या केसाळ त्वचेत काही विशेष मज्जातंतू असतात, जे संथ, हळुवार, कोमट हाताच्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. दर सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाला ते जागे होतात आणि मेंदूच्या भावनांशी संबंधित भागाकडे संदेश पाठवतात. त्यामुळे तळव्यापेक्षा हाताची मागची बाजू आणि कोपरापर्यंतचा भाग यांकडे अधिक लक्ष द्यावे.

अस्वस्थता सुरू होण्याच्या थोडे आधी, त्या बसलेल्या असताना, समोर किंवा किंचित बाजूला बसावे. आपले हात एकमेकांवर चोळून गरम करावेत. त्यांना दिसेल अशा रीतीने हात पुढे करून ‘हात देता का?’ असे विचारावे आणि त्यांनी दिला तरच पुढे जावे. त्यांचा हात उशीवर टेकवून थोडे तेल किंवा लोशन घ्यावे आणि मनगटापासून कोपराकडे संपूर्ण तळहाताने सावकाश जावे. एका वेळच्या प्रवासाला पाच सेकंद तरी लागावेत. मग हाताच्या मागच्या बाजूवर अंगठ्यांनी मधून कडांकडे फिरावे आणि प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकेच धरून सोडावे. वयामुळे त्वचा पातळ झालेली असते, म्हणून ओढू नये. या वेळी टीव्ही बंद असावा आणि बोलणे कमी असावे. त्यांनी हात मागे घेतला, तर तो नकार समजून थांबावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. रोज एकाच वेळी केल्यास काही दिवसांनी त्या स्वतःच हात पुढे करू लागण्याची शक्यता असते.

प्रश्न : लांबच्या प्रवासानंतर दोन दिवसांपासून माझी डावी पोटरी दुखते आणि थोडी सुजली आहे. मसाज करून घेऊ का?

उत्तर : नाही, आणि हे उत्तर वाचताक्षणी डॉक्टरांकडे जावे. बराच काळ बसून राहिल्यानंतर एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, ऊब किंवा लाली येणे हे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. चोळल्याने गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. सोबत दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

आपल्या पत्राच्या निमित्ताने इतरांसाठीही सांगतो. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम किंवा ताजे अस्थिभंग असताना मसाज घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झाली असेल, तर थेरपिस्टला आधी सांगावे, म्हणजे दाब त्यानुसार ठेवता येईल. मानेला झटका देऊन ‘कडकड’ आवाज काढू देऊ नये. त्याने मानेतील रक्तवाहिनीला क्वचित का होईना, गंभीर इजा होते. आपल्या बाबतीत सोनोग्राफी करून शिरेत गुठळी नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच पोटरीला हात लावू द्यावा.